उद्गारचिन्हाआधी उद्गार येऊ द्या

प्रति,
पहिली ते चौथीच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकांचं आणि स्वाध्यायपुस्तिकांचं काम पाहणारे सर्व सदस्य,
आणि पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळणारे माझे शिक्षक बंधुभगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

जून संपत आला होता आणि आमच्या माण तालुक्यात अजून पावसाचा टिपूस नव्हता. दुसरीच्या वर्गात मी स्वाध्यायपुस्तिकेतलं उद्गारार्थी वाक्यांचं पान घेतलं होतं. फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, ‘अहाहा! किती सुंदर पाऊस पडत आहे!’ मुलं माझ्यामागून म्हणत होती. पाढे म्हणतात त्याच सुरात, त्याच ठिकाणी श्वास घेत. तीनदा म्हणून झालं, उभ्या रेघेखाली टिंब द्यायला विसरू नका हे सांगून झालं, वह्या तपासून झाल्या.

दुपारच्या सुट्टीनंतर आभाळ भरून आलं आणि खरोखरच पाऊस आला. पत्र्यावर ताडताड थेंब वाजले आणि सगळा वर्ग उठून दाराशी धावला. ‘आला! आला! आला!’ ‘आयाया, काय मोठं थेंब!’ ‘बाई, वास! वास घ्या की!’ ‘भिजला की रं माझा हात!’ एकानं नुसतीच आरोळी ठोकली. आणि सगळ्यांच्या मागे उभी असलेली एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘बाई, आमचा कडबा!’ घरासमोर उघड्यावर रचलेला कडबा, आईवडील रोजगाराला गेलेले, दारात दोन जनावरं. तिला पावसाचा वासबीस काही येत नव्हता.

त्या पाच मिनिटांत माझ्या वर्गाच्या तोंडून जेवढी उद्गारार्थी वाक्यं बाहेर पडली तेवढी त्या पुस्तिकेत सापडायची नाहीत. ‘अहाहा’ मात्र एकाच्याही तोंडून आलं नाही. आणि ‘आमचा कडबा!’ या दोन शब्दांना त्या पानावर जागाच नव्हती, कारण ते पूर्ण वाक्य नाही आणि पावसाविषयी सुंदर काही म्हणत नाही.

हे पत्र मी त्या दोन शब्दांसाठी लिहिते आहे.

मी २१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवते. पहिली ९ वर्षं यवतमाळ जिल्ह्यात गेली, मग आंतरजिल्हा बदलीनं माहेरच्या मुलखात, साताऱ्याला आले. बहुतेक काळ पहिली-दुसरीच माझ्याकडे राहिली, आणि ती मी मागून घेतली. सहा-सात वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा त्याला उद्गार काढता येतात, हे मी शपथेवर सांगेन. बोलायला शिकण्याच्याही आधी ते ‘आं!’ आणि ‘ऊं!’ करून आपलं म्हणणं घरादाराला ऐकवत असतं. मग शाळेत आम्ही त्याला उद्गार शिकवतो, आणि दोन वर्षांत ते उद्गार काढायचं थांबतं. वहीत चिन्ह बरोबर येतं, तोंडातून मात्र आवाज येत नाही. हे कसं होतं ते मी माझ्याच वर्गात, माझ्याच हातून होताना पाहिलं आहे.

आधी भाषेचंच बोलू, कारण मला वाटतं आपण उद्गारार्थी वाक्याला फार किरकोळ समजतो. व्याकरणाच्या पुस्तकात शब्दांच्या आठ जातींमध्ये केवलप्रयोगी अव्यय शेवटी येतं आणि शेवटचं म्हणून घाईत उरकलं जातं. हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक, तिरस्कारदर्शक अशी नावं आणि प्रत्येकासमोर तीन-चार शब्द. वा, अहाहा, अरेरे, अबब, शाब्बास, छे, शी. पाठ करा आणि पुढं चला. पण त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या मुलांनी काय काय केलं ते बघा. ‘आला!’ म्हणताना त्यांनी कर्ता गाळला, कारण कोण आला ते पत्र्यावर ऐकू येत होतं. ‘भिजला की रं माझा हात!’ म्हणताना क्रियापद सुरुवातीला आणलं. एरवी मराठीत क्रियापद शेवटी बसतं. मन हललं की ते उठून पुढं येतं. ‘पडली बरणी!’, ‘सुटली गाडी!’, ‘जिंकलो आपण!’ हे कोणी त्यांना शिकवलेलं नाही.

‘काय मोठं थेंब!’ यातला ‘काय’ प्रश्नाचा आहे, तरी प्रश्न विचारत नाही. मराठीत आपण प्रश्नाचेच शब्द घेऊन आश्चर्य करतो. किती, केवढा, कसला, कुठला, काय. ‘किती वाजले?’ आणि ‘किती उशीर केलास!’ यांतला ‘किती’ कागदावर सारखाच दिसतो. फरक कळतो तो आवाजावरून. म्हणजे जे मूल हे वाक्य नुसतं डोळ्यांनी वाचतं त्याला अर्धाच अर्थ मिळतो.

आणि काळ? एखादं धाकटं भावंड पायऱ्यांवर डुगडुगत असतं, अजून पडलेलं नसतं, तरी ताई ओरडते, ‘अगं आई, पडला पडला!’ जे अजून घडायचं आहे ते भूतकाळात. कबड्डीत चढाईला गेलेला गडी पकडीत सापडतो आणि जिवंत, धडधाकट असताना ‘मेलो!’ म्हणतो. भीती काळाला हाताशी धरून पुढं ओढते. मला व्याकरणात याहून सुंदर काही माहीत नाही, आणि हे सातव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या जिभेवर असतं. मग शेवटचे ते बारके शब्द. ‘की’, ‘ना’, ‘च’, ‘गं’, ‘रे’. ‘आलास!’ आणि ‘आलास की!’ यांत केवढं अंतर आहे. पहिल्यात नुसतं येणं दिसलं, दुसऱ्यात वाट पाहणं आलं. ‘च्च’ हा आवाज तर आपण ज्या पद्धतीनं लिहितो तसा तोंडातून निघतच नाही. जीभ दातांमागून सोडवून काढलेला तो टचकारा आहे, त्याला वर्णमालेत अक्षर नाही. तरी मुलाला तो येतो. चेंडू कुंपणापलीकडं गेला की पाहावं.

या सगळ्या श्रीमंतीला आम्ही पुस्तिकेत एका प्रश्नात बसवतो. ‘पुढील वाक्य उद्गारार्थी करा. फूल खूप सुंदर आहे.’ उत्तर, ‘किती सुंदर आहे हे फूल!’ हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना विचारला जातो, तो त्यांनी सोडवावा, त्यावर माझी तक्रार नाही. वाक्यरूपांतर ही बुद्धीची कसरत आहे आणि त्या वयात ती जमते, आवडतेही. माझी तक्रार आहे ती हाच प्रश्न घसरत घसरत दुसरीच्या बाकापर्यंत आला आहे, याबद्दल. शाळेत मिळणाऱ्या पुस्तिकांत नसला तर बाजारातल्या स्वाध्यायांत असतो आणि पालक ते हौसेनं विकत आणतात. सात वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की आधी एक थंड वाक्य घे आणि मग त्याला गरम कर. माणसाच्या मनात गोष्ट या क्रमानं होत नाही. उद्गार आधी येतो. ‘बापरे!’ आधी येतं, कशानं ते नंतर कळतं, आणि ‘माळावर मला मोठा साप दिसला’ हे विधान तर घरी पोचून पाणी प्यायल्यावर जमतं. शिकवताना आपण उलट्या टोकाला धरलं आहे.

आता मला एक कबुली द्यायची आहे.

वाक्यपट्ट्यांचा एक खेळ बहुतेक शिक्षकांना ठाऊक असेल. एकच वाक्य तीन पट्ट्यांवर लिहायचं आणि शेवटी वेगवेगळी चिन्हं द्यायची. ‘बाबा आले.’ ‘बाबा आले?’ ‘बाबा आले!’ मुलानं पट्टी उचलायची आणि चिन्हाप्रमाणे आवाज काढून वाचायची. खेळ चांगला आहे, मी अजूनही घेते. काही वर्षांमागं एका मुलाच्या हाती तिसरी पट्टी आली. त्यानं ती वाचली, पण जवळजवळ पुटपुटत, खांदे आत ओढून. वर्ग हसला. मी म्हणाले, ‘अरे, आनंदानं म्हण की! बाबा आलेत ना? मोठ्यानं!’ त्यानं पुन्हा तसंच म्हटलं. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला आणि मी त्याला शाब्बासकी दिली.

त्याच्या घरी संध्याकाळी बाबा आले की काय होत असे ते मला दिवाळीनंतर, त्याच्या आईकडून कळलं.

त्या मुलानं पहिल्यांदाच बरोबर वाचलं होतं. त्याच्या घरात त्या वाक्याचा तोच उद्गार होता. वर्गात त्या क्षणी सगळ्यांत प्रामाणिक वाचन त्यानं केलं आणि मी ते पुसून त्याजागी मला हवा असलेला आनंद भरून घेतला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी ‘बाबा आले!’ ही पट्टी हातात घेतली की मला तो पुटपुटलेला आवाज ऐकू येतो.

त्यातून मला जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवते. उद्गारचिन्ह भावना सांगत नाही. ते फक्त सांगतं की इथं भावना आहे. कोणती, ते बोलणाऱ्याच्या आयुष्यात असतं. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह यांचं तसं नाही, त्यांचं काम ठरलेलं आहे; म्हणून तिन्ही चिन्हं एकाच रांगेत, एकाच तासात शिकवण्यात गफलत होते. तसं पाहिलं तर ही चिन्हं आपल्याकडं फार जुनीही नाहीत. पोथ्यांत दंड असे, मोडी कागदपत्रांत तर शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. मराठीत इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं रूढ केली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या कामात मदत करणारे तेच हे कँडी. त्याआधीची शेकडो वर्षं मराठी माणूस चिन्हाशिवाय हळहळत होता, संतापत होता, देवाला हाका मारत होता, आणि वाचणाऱ्याला ते कळत होतं. चिन्ह उपयोगाचं आहे, जरूर शिकवावं. पण वर्षभर उद्गार बोलून, ऐकून, खेळून झाले की मग शिकवावं. तोवर मुलालाच त्याची गरज वाटू लागते. ‘बाई, मी ओरडून म्हटलं ते कागदावर कसं दाखवू?’ हा प्रश्न मला दुसरीच्या एका मुलीनं विचारला आहे. त्या दिवशी मी तिला चिन्ह दिलं आणि ती ते कधीही विसरली नाही.

पुस्तिकांमधली उदाहरणं एकदा सलग वाचून पाहा, ही माझी विनंती आहे. देखावा सुंदर असतो, इंद्रधनुष्य सुंदर असतं, ताजमहाल भव्य असतो, कोणाला तरी पहिला नंबर मिळालेला असतो, आणि फार तर एक साप निघतो. राग कुठं आहे? ‘माझी पेन्सिल दे!’ कुठं आहे? ‘मला नाही खेळायचं तुझ्याशी!’, ‘तू खोटं बोललास!’, ‘कंटाळा आला मला!’, ‘मला एकट्याला नाही जायचं!’ ही वाक्यं मुलं दिवसातून पन्नास वेळा बोलतात आणि पुस्तकात एकदाही वाचत नाहीत. त्यामुळं मूल काय शिकतं? की आनंद आणि आश्चर्य या शाळेत चालणाऱ्या भावना आहेत. राग, भीती, किळस, हेवा या घरी ठेवून यायच्या. आणि घरी त्यांना ‘गप्प बस’ म्हणतात.

मग ती भावना हातातून बाहेर येते. चावणारी, ढकलणारी, दप्तर फेकणारी मुलं प्रत्येक पहिलीत असतात. माझ्या अनुभवात त्यांतल्या बहुतेकांकडं शब्द कमी असतात, दुष्टपणा नसतो. एक मुलगा रोज कोणाला तरी चिमटा काढायचा. त्याला मी फक्त एवढं शिकवलं की चिमट्याआधी ‘मला राग आलाय!’ असं ओरडायचं, वर्ग थांबेल. पहिले आठ दिवस तो दिवसातून दहादा ओरडला आणि आम्ही दहादा थांबलो. शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन विचारलंसुद्धा, काय चाललंय. पुढं ओरडणं कमी झालं. चिमटे त्याहून आधी थांबले होते.

शरीराच्या खुणाही मुलांना आपल्या भाषेतच मिळतात, त्या त्यांना दिल्या पाहिजेत. ‘भीती वाटली’ हे शब्द सहा वर्षांच्या मुलाला धूसर असतात. ‘पोटात गोळा आला!’ म्हटलं की ते पोटावर हात ठेवून मान हलवतं. ‘छातीत धडधडलं!’, ‘अंगावर काटा आला!’, ‘घसा दाटून आला!’, ‘जीव भांड्यात पडला!’ आणि नुसतं ‘वाईट वाटलं’ म्हणण्याऐवजी हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, भेदरणं, वैतागणं, हरखणं, हे सगळे वेगवेगळे अनुभव आहेत आणि मराठीनं प्रत्येकाला वेगळा शब्द देऊन ठेवला आहे. ‘मी केवढा खट्टू झालो!’ असं एका मुलानं त्याच्या न झालेल्या वाढदिवसाबद्दल सांगितलं तेव्हा वर्गात शांतता पसरली. सगळ्यांना नेमकं कळलं होतं.

‘नको!’ या एका शब्दासाठी मी वेगळा तास मागते. चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श हा विषय आता शाळांतून शिकवला जातो, बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली पोक्सो कायदा आला, १०९८ हा मदतीचा क्रमांक शाळांच्या भिंतीवर रंगवलेला असतो. मुलांना आम्ही सांगतो, कोणी नकोसा हात लावला तर ‘नको!’ म्हणून ओरडा, तिथून पळा, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. पण ज्या मुलीनं वर्षभर वर्गात आवाज चढवला नाही म्हणून ‘शांत आणि गुणी’ असा शेरा मिळवला, ती त्या वेळी ओरडणार कशी? ओरडणं हीसुद्धा सवयीची गोष्ट आहे. घसा उघडावा लागतो. मी माझ्या वर्गाला मैदानावर नेते, एका रांगेत उभं करते आणि ‘नको!’, ‘सोडा मला!’, ‘मी सांगणार!’ ही वाक्यं जोरात म्हणून घेते. पहिल्या दिवशी निम्म्या मुली हसतात, काही तोंडावर हात ठेवतात. त्यांचा आवाज फुटायला तीन-चार आठवडे लागतात. हा मराठीचाच तास आहे, असं मी मानते. उद्गारार्थी वाक्याचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

मुलींचा आवाज असा दाबला जातो, तर मुलांचं रडणं. ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे वाक्य वर्गातून हद्दपार झालं पाहिजे, आणि चित्रांत ‘अय्या!’ म्हणणारी नेहमी मुलगी व ‘शाब्बास!’ म्हणणारे नेहमी पुरुष, हेही बदलावं. एवढं पुरे, यावर वाद होईल असं वाटत नाही.

यवतमाळची ती ९ वर्षं मला याच विषयात खूप काही देऊन गेली. मी साताऱ्याची, माझ्या कानाला ‘आगं बया!’, ‘आरं तिच्या!’, ‘लय भारी!’ याची सवय. तिथं पहिल्याच आठवड्यात एका मुलानं माझी भलीमोठी ट्रंक पाहून ‘बाप्पा बाप्पा!’ म्हटलं आणि मला वाटलं गणपतीला नमस्कार करतोय. मुली ‘अवं माय!’ म्हणायच्या. माझ्या वर्गात बंजारा तांड्यावरची मुलं होती. ती वर्गात मराठी बोलायची, बऱ्यापैकी शिकलीही होती. पण ठेच लागली, विंचू दिसला, स्वप्नात दचकली, की तोंडातून निघायचं, ‘याडी!’ याडी म्हणजे आई. दुखण्याच्या क्षणी माणूस शिकलेली भाषा बोलत नाही. त्या मुलांना मी ‘आई गं म्हणा’ असं सुरुवातीला सांगत असे. आज मला त्याची लाज वाटते. वेदनेचा शब्द दुरुस्त करण्याचा हक्क मला कोणी दिला होता?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या आदिवासी मुलांसाठी काम केलं तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्यातून आले. आम्हा शिक्षकांना हे प्रशिक्षणात शिकवलं जातं, आदरानं शिकवलं जातं. व्याकरणाच्या बाबतीत मात्र आपण अजून मुलानं आपल्या अंगणात यावं म्हणून दारात उभे आहोत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आणि त्यानंतरच्या निपुण भारत अभियानात पायाभूत वर्षांसाठी मुलांच्या घरच्या भाषेवर आणि मौखिक विकासावर जोर आहे. मग पुस्तकात एक रिकामी चौकट द्यायला काय हरकत आहे? ‘तुमच्या घरी आश्चर्य वाटलं की काय म्हणतात? आजीला विचारून या.’ चंदगडचं मूल वेगळं आणेल, धुळ्याचं वेगळं, सावंतवाडीचं वेगळं. ‘अबब’ला कोणी हाकलत नाहीये. त्यालाही त्यांच्या रांगेत बसू द्या.

आणि हो, आजीला विचारून आलेले सगळेच शब्द फळ्यावर लिहिण्यासारखे नसतात. ‘च्यायला’ आणि त्याच्या भाऊबंदांचं काय करायचं, हा प्रश्न मला प्रत्येक शिक्षक-परिषदेत विचारला जातो. मी छडी उगारत नाही आणि ऐकलं न ऐकलंही करत नाही. मी विचारते, ‘काय झालं तुला आत्ता? चिडलास, की दचकलास?’ बहुतेक वेळा मुलाला स्वतःलाच माहीत नसतं, कारण तो शब्द सगळ्याला चालतो. मग आम्ही दुसरा शोधतो. ‘अरे देवा!’, ‘वैताग आला!’, ‘डोकं फिरलं माझं!’ मुलाला हे वेगळेपण आवडतं. शिवी सुटते, ती शब्द जास्त मिळाल्यानं सुटते. मार खाल्ल्यानं ती फक्त शाळेच्या भिंतीपलीकडं जाते.

चौथीतल्या निबंधांबद्दल एक सांगून मागण्यांकडं येते. सहलीवर निबंध लिहायला सांगितला की तीस वह्यांत शेवटची ओळ एकच असते, ‘आम्हाला खूप मजा आली.’ आम्ही शिक्षक त्याला हसतो, पण ती ओळ आम्हीच पेरलेली आहे. यंदा मी सहलीहून परतताना, एसटीतच, प्रत्येकाकडून एकेक उद्गार तोंडी घेतला. ‘कसला गार वारा सुटला होता किल्ल्यावर!’ ‘माझी चप्पलच गेली खाली!’ ‘केवढ्या त्या पायऱ्या! संपतच नव्हत्या!’ ‘माझा डबा माकडानं नेला, मेलं माकड!’ दुसऱ्या दिवशी याच उद्गारापासून लिहायला सुरुवात करा म्हटलं. एकाही वहीत ‘खूप मजा आली’ नव्हतं. चुका भरपूर होत्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या तर विचारू नका. पण तीस वह्यांमध्ये तीस सहली होत्या.

तर माझं मागणं असं आहे. पहिली-दुसरीच्या साहित्यातून ‘उद्गारार्थी करा’ हा प्रश्न काढून टाका. चौथीआधी तो कुठंही नको. उद्गारांचं काम आधी वर्षभर तोंडी होऊ द्या, आणि त्यासाठी शिक्षक हस्तपुस्तिकेत वेळ लिहून द्या, कारण लिहिलेला नसला तर केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या दिवशी तो वेळ वाचन-लेखनात जातो. ‘पूर्ण वाक्यात लिहा’ ही सूचना निदान या पाठापुरती मागे घ्या. उदाहरणांत राग येऊ द्या, भीती येऊ द्या, नकार येऊ द्या. एखादं चित्र असं द्या ज्यावर दोन मुलांचे दोन उलटे उद्गार बरोबर ठरतील. पावसाचं चित्र त्याला पुरेसं आहे, एका कोपऱ्यात कडबा तेवढा काढा. तोंडी उद्गाराला गुण देऊ नका. ‘भावपूर्ण उच्चार’ असा रकाना कृपा करून कोणी काढू नका, नाहीतर मुलं गुणांसाठी रडून दाखवतील.

आणि हस्तपुस्तिकेत एक पान आम्हा शिक्षकांसाठी हवं. मुलानं खरोखर काही बोलून टाकलं तर काय करायचं, याचं. वर्गासमोर पुढचं विचारायचं नाही, हसू द्यायचं नाही, तास संपल्यावर त्याच्या शेजारी बसायचं, मुख्याध्यापकांना कधी सांगायचं, आईला कसं बोलवायचं, १०९८ ला फोन कधी करायचा. ते पान माझ्याकडं असतं तर त्या मुलाला मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं नसतं. आपण मुलांची तोंडं उघडायची म्हणतो आहोत. जे बाहेर येईल त्याला झेलायला आपले हात तयार असले पाहिजेत, आणि पासष्ट-सत्तर मुलं दोन शिक्षकांवर सोपवलेल्या शाळेत ते हात आपोआप तयार होत नाहीत.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडंही मागणं आहे, फार नाही. उद्या हजेरी घेताना ‘हजर’ऐवजी प्रत्येकाला आज सकाळी तोंडातून निघालेला एक उद्गार सांगायला लावा. वेळ तेवढाच लागतो. आणि मूल सांगतं तेव्हा हजेरीपटावरून मान वर करा.

त्या कडब्याचं सांगायचं राहिलं. दोन मोठी मुलं, मी आणि ती मुलगी असे आम्ही शाळेतली ताडपत्री घेऊन तिच्या घरी धावलो. वरच्या पेंढ्या भिजल्या होत्या, खालच्या वाचल्या. ताडपत्रीची टोकं दगडांनी दाबून होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग चिंब अंगानं माझ्याकडं बघून म्हणाली, ‘बाई, पाऊस आला!’

आपली,
इयत्ता दुसरीची एक वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. माण, जि. सातारा